मोकळी जागा

गोल्फ म्हटले की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे प्रथम येते ती वर्गणी. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आडत आणि किराणा सोडून कारखानदारीत व बांधकाम व्यवसायात स्थिरावली. त्यांची मुले आता रविवारी सकाळी येरवड्याच्या गोल्फ मैदानावर जातात. वडीलधारी माणसे ही गोष्ट थोड्या कौतुकाने आणि थोड्या धास्तीने एकमेकांना सांगतात. हा श्रीमंतांचा खेळ, असा आपला पक्का समज आहे, आणि आपल्या देशापुरता तो फारसा चुकीचाही नाही. १८२९ साली कोलकात्यात गोल्फ क्लब निघाला तेव्हापासून येथे हा खेळ कुंपणाच्या आतच राहिला.

त्याचे मूळ मात्र कुंपणाबाहेरचे आहे. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज नावाचे एक लहानसे समुद्रकाठचे नगर आहे. तेथे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूचा एक पट्टा आहे. नांगराला निरुपयोगी, म्हणून कोणाच्याच लोभाचा विषय नसलेला. तेथे मेंढ्या चरत, गावातल्या बायका ओढ्यावर कपडे धुऊन झुडपांवर वाळत घालीत, आणि उरलेल्या जागेत लोक काठीने चेंडू मारीत. १५५२ सालच्या एका सनदेत तेथील आर्चबिशपने नगरवासीयांचा त्या जागेवर खेळण्याचा हक्क मान्य केल्याची नोंद आहे. पुढची कथा मला, बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला, अधिक बोलकी वाटते. १७९७ मध्ये नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने ती जमीन विकली. जमीन सशांचा व्यापार करणाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी बिळे पाडून मैदानाची चाळण केली, खेळणारे आणि व्यापारी यांच्यातील तंटा न्यायालयात गेला आणि वर्षानुवर्षे चालला. १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या, स्वतः गोल्फ खेळणाऱ्या जमीनदाराने ती जागा विकत घेतली आणि मैदान वाचले. अखेर १८९४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने ती पुन्हा नगराची झाली. आज जगभरचे धनवंत तेथे खेळण्यासाठी चिठ्ठ्या टाकून वाट पाहतात. पण तेथील सर्वांत जुने मैदान, मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडला तर, रविवारी खेळासाठी बंद असते. त्या दिवशी गावकरी मुलेबाळे घेऊन त्यावर फिरायला येतात. धनवंतांनी आठवडाभर वापरावे आणि एक दिवस गावाने आपले म्हणून त्यावर पाय ठेवावा, ही व्यवस्था मला फार आवडली.

हे वाचताना मनात वारंवार उभे राहिले ते आमचे वढू बुद्रुक. शिरूर तालुक्याच्या पश्चिम टोकाचे, भीमेच्या काठचे हे गाव. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे आज ते महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. मी मुलगा होतो तेव्हा फाल्गुन अमावास्येला तेथे बैलगाड्यांनी लोक येत. आता मोटारी लावायला जागा पुरत नाही. आमचे घर दुकानदाराचे. पुढे किराणा, मागे धान्याची वखार आणि तिच्याही मागे खळे. आम्हां मुलांना खेळायला तीन जागा होत्या: गावाबाहेरचे गायरान, उन्हाळ्यात उघडे पडणारे नदीचे वाळवंट आणि हे आमचे खळे. तिन्हींना प्रवेशशुल्क नव्हते. पैकी दोन तर कोणाच्या मालकीचीही नव्हती.

गायरानावरचा राजा म्हणजे विटी-दांडू. गोल्फचे वर्णन वाचताना मला हसू येते ते यामुळे की काठी, टोला, लांबवर उडणारी वस्तू आणि जमिनीतला खळगा हे सगळे साहित्य आमच्याकडेही होते. फरक एवढाच की त्यांचा खेळ खळग्यापाशी संपतो आणि आमचा खळग्यापासून सुरू होतो. बाभळीच्या फांदीचा हातभर दांडू, दोन्ही टोकांना निमुळती केलेली विटी आणि टाचेने उकरलेली गल. विटी गलीवर आडवी ठेवून दांडूने कोलायची. ती वरच्या वर झेलली गेली तर डाव संपला. नाही तर पुढे टोले. अंतर मोजायचे ते दांडूनेच, आणि मोजताना एक, दोन, तीन म्हणायचे नाही. म्हणायचे वकट, लेंड, मुंड, नाल. सातावर फेरा पूर्ण होई आणि पुन्हा वकटपासून मोजणी सुरू. हे कोणते अंक, असा प्रश्न त्या वयात पडला नाही. पुढे नोकरीत एका तेलुगू भाषिक सहकाऱ्याने ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु असे मोजले, तेव्हा हातातले नोटांचे बंडल क्षणभर तसेच राहिले. कोणत्या वाटेने, कोणत्या तांड्याबरोबर हे आकडे भीमेच्या काठी येऊन पोरांच्या तोंडी बसले असतील? आपण व्यापारी लोक मालाच्या वाटांचा हिशेब ठेवतो. खेळाच्या वाटांची वही कोणी लिहिलेली नाही.

त्या खेळात माझी एक अडचण होती, आणि ती आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. घरी चौविहार. सूर्य मावळण्याच्या आत जेवण उरकलेच पाहिजे, त्यामुळे खेळ ऐन रंगात येई तेव्हा आमच्या दादीजींची हाक गायरानापर्यंत पोहोचे. गडी अर्ध्यावर निघून जाणे म्हणजे संघाचे नुकसान. कोणत्याही मोठ्या माणसाने न सांगता मुलांनी त्यावर तोड काढली. माझा डाव नेहमी पहिला. मी टोले मारून मोकळा व्हायचो आणि ऊन उतरले की जायचो. त्या मुलांच्या घरी सूर्यास्ताला चूल पेटत असे, आमच्या घरी ती विझत असे, आणि या फरकाला त्यांनी खेळाच्या नियमांत जागा करून दिली होती. पावसाळ्यातही तसेच. गायरान हिरवे झाले की हरितकायाची विराधना नको म्हणून आम्हां भावंडांना तिकडे जाण्याची मनाई असे. मग चार महिने मुले आमच्या ओट्यावर गोट्या खेळायला येत. सर्वधर्मसमभावावर मी पुढे पुष्कळ व्याख्याने ऐकली. त्यांतील बहुतेक लांबली.

पण 'सर्वांचे मैदान' असे लिहिताना लेखणी थोडी थांबवली पाहिजे. माझ्या दोन्ही बहिणींनी गायरान जवळून पाहिले ते केवळ येता-जाता. त्यांचे सागरगोटे आणि फुगड्या खळ्याच्या भिंतीआड. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली मुले त्याच गायरानाच्या पलीकडच्या कडेला वेगळी खेळत. क्वचित विटी तिकडे गेली की ती परत फेकली जाई, आणि खेळाडू कमी पडले तरच दोन्हीकडचा खेळ एक होई. कुंपण नव्हते हे खरे, पण रेघ होती. असे असूनही मी त्या जागेच्या बाजूने बोलतो, कारण जागा मोकळी होती म्हणून तर ती रेघ ओलांडणे शक्य होते, आणि हायस्कूलच्या वयात आम्ही ती ओलांडलीही.

नदीच्या वाळवंटाबद्दल फार लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखे तेथे आता उरलेले नाही. चैत्र-वैशाखात भीमेची धार बारीक होई आणि काठाने पांढऱ्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडे. हुतूतूला यासारखी जागा नाही, पडले तरी लागत नसे. ती वाळू पुढे ट्रकांत भरून इमारतींच्या पायात गेली. आपल्यापैकी अनेकांच्या इमारतींच्याही.

आता गायरानाचा कागद पाहू. बँकेत शेतीकर्जे मंजूर करताना मी आयुष्यात हजारो सातबारे वाचले. कर्जदाराचा सातबारा वाचायला अधिकारी दोन मिनिटे घेतो: भोगवटादार कोण, इतर हक्कांत बोजा कोणाचा, पीकपाहणीत काय. गायरानाच्या सातबाऱ्यावर मालक म्हणून शासनाचे नाव असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार गावातील सरकारी जमीन गुरांच्या मोफत चराईसाठी, स्मशानासाठी, मळणीच्या खळ्यासाठी, बाजारासाठी, तळ देण्यासाठी अशा सार्वजनिक कामांकरिता राखून ठेवता येते. बँकेच्या दृष्टीने अशी जमीन शून्य किमतीची. ती गहाण पडत नाही, जप्त होत नाही, तिच्यावर एक रुपयाही उचलता येत नाही. माझ्या टेबलावर तिचे मूल्य शून्य लिहिले जाई, आणि बँकेच्या हिशेबात ते बरोबरच होते. मात्र ज्या वस्तूला तारणमूल्य नाही तिला राखणदारही नसतो, ही त्या शून्याची दुसरी बाजू.

सणसवाडीला कारखाने आले, रांजणगावला औद्योगिक वसाहत झाली, नगर रस्त्यालगतच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. त्यानंतर गावोगावची गायराने कशी आक्रसली ते सांगायला नको. कुठे एखादी टपरी, मग तिला पत्र्याची पडवी, मग पक्की भिंत. कुठे सार्वजनिक सोयीचीच इमारत. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी सर्व राज्यांनी योजना आखाव्यात, असा आदेश दिला. निकाल वाचनीय आहे. मूळ वाद गावतळ्याच्या जागेवर घरे बांधल्याचा होता. परंतु जेथे भूमिहीन माणसाने डोक्यावर छप्पर म्हणून दोन पत्रे ठोकले आहेत आणि जेथे पैसेवाल्याने गाळे काढून भाडे लावले आहे, त्या दोन्हींना एकच 'अतिक्रमण' हा शब्द लावणे मला जड जाते. पहिल्याला पर्याय द्यावा लागेल. दुसऱ्याला फक्त नोटीस.

आपल्या समाजाशी या साऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो खेळाहून जुना आहे. पुण्याहून नगरकडे विहार करणारी साधु-साध्वीवृंदाची मंडळी याच रस्त्याने जात. गावात महाराजसाहेबांचे पाऊल लागले की दादीजी गोचरीच्या तयारीला लागत आणि वडील आदल्या दिवशी गायरानावर एक फेरी मारून येत. कशासाठी, ते मला पुष्कळ उशिरा कळले. पाच समितींतील शेवटची, उत्सर्गाची समिती. परठवण्यासाठी निर्जीव, गवत-बी-किडामुंगी नसलेली, लोकांच्या नजरेआडची जागा लागते. स्थंडिल भूमी. ती दाखवणे हे श्रावकाचे काम. आज शहरांत चातुर्मासाची आमंत्रणे देताना आपण प्रवचन-मंडपाची क्षमता सांगतो, भोजनशाळेची सोय सांगतो. स्थंडिलाला जागा कोठे, या प्रश्नावर मात्र संघाचे विश्वस्त एकमेकांकडे पाहतात. ज्या धर्माने जमिनीचा एक तुकडा काहीही न उगवता, काहीही न बांधता मोकळा असण्याची गरज आचारातच ओळखली, त्या धर्माच्या अनुयायांना मोकळी जागा 'वाया गेलेली' वाटावी, हे मला पटत नाही.

आपले दातृत्व मोठे आहे, याविषयी शंका नाही. स्थानके, पाठशाळा, धर्मशाळा, रुग्णालयांतील खाटा, गोशाळा. पण या यादीत प्रत्येक ठिकाणी भिंत आहे आणि भिंतीवर संगमरवरी पाटी आहे. काहीही न बांधता दिलेले दान माझ्या पाहण्यात जवळजवळ नाही. याला व्यावहारिक कारणही आहे. इमारतीचा खर्च दाखवता येतो, उद्घाटन करता येते. रिकाम्या जागेचे उद्घाटन कसे करणार?

हा प्रश्न आमच्या घरात सध्या प्रत्यक्ष उभा आहे, म्हणूनच हा विषय या महिन्यात घेतला. वखारीमागचे खळे साधारण नऊ गुंठे. माझ्या लहानपणी सुगीत तेथे ज्वारी-बाजरीच्या राशी पडत, मापारी एका सुरात मापे मोजी, आणि होळीनंतर जमीन सारवून रिकामी झाली की मृगापर्यंत ती गावातल्या मुलांची. १९७२ च्या दुष्काळात राशी आल्याच नाहीत. लोक मिलो खात होते, बाया खडी फोडायला जात होत्या, आणि त्यांची मुले दिवसभर आमच्या खळ्यात असत. वडिलांनी त्या वर्षी खळ्याचे फाटक काढूनच ठेवले होते. पुढे धान्याचा व्यापार मार्केट यार्डात गेला, खळे रिकामे राहिले, पण मुलांचे येणे थांबले नाही. आज तेथे क्रिकेट चालते. खेळणाऱ्यांत गावची मुले आहेत, तशीच कारखान्यांत कामाला आलेल्या उत्तर प्रदेश-बिहारच्या कुटुंबांचीही. आता मुलीही असतात. शाळेचे मैदान सुटीत कुलपात असते, आणि नगर रस्त्यावर जाळ्या लावून जी नवी टर्फ मैदाने झाली आहेत ती तासाच्या भाड्याने मिळतात. खोलीचे भाडे भरून महिनाअखेरीस हात रिकामा राहणाऱ्या बापाचा मुलगा तेथे जाऊ शकत नाही.

या नऊ गुंठ्यांना आम्ही सहा वारस. सणसवाडीच्या एका व्यावसायिकाने कामगारांसाठी खोल्या बांधण्याकरिता चांगला भाव दिला आहे. मूल्यांकन काढण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. मी ते प्रामाणिकपणे काढले, आकडा कोणालाही मोह पडावा असा आहे. दुसरा प्रस्ताव वडिलांच्या नावे मंगल कार्यालय बांधण्याचा. माझा प्रस्ताव तिसरा: आहे तशी राहू द्यावी.

यावर पुतण्या, जो आजही गावात दुकान चालवतो, म्हणाला, "काकाजी, आपण आज ठेवू, पण उद्या आमच्या पोरांपैकी एकाने वाटणी मागितली तर?" प्रश्न बिनतोड आहे. सामाईक मिळकतीत कोणताही सहमालक वाटप मागू शकतो. तोंडी शब्दावर मोकळी जागा एक पिढी टिकते, दुसरी नाही. म्हणून मार्ग शोधले. ग्रामपंचायतीला नोंदणीकृत बक्षीसपत्राने देता येईल, पण उद्या तेथेही एखादी इमारत उभी राहण्याची शक्यता उरतेच. त्यापेक्षा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली लहानसा विश्वस्त निधी नोंदवावा, जागा त्याला द्यावी आणि 'मुलांच्या खेळासाठी मोकळे मैदान' हा एकच उद्देश लिहावा. त्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे विश्वस्तांना स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही. म्हणजे आमच्या नातवंडांना मोह झाला तरी आधी पुण्याला अर्ज करावा लागेल. बँकेत आम्ही ज्याला 'थंड होण्याचा अवधी' म्हणत असू, तो यातून आपोआप मिळतो. खर्च म्हणाल तर एक नळ, दोन कडुनिंब, पावसाळ्याआधी मुरूम आणि वर्षातून एकदा हिशेबतपासणी. ज्या वाचकांच्या गावी अशी जुनी वखार, आडतीचे खळे किंवा बंद पडलेल्या तेलघाण्याचे आवार सामाईक नावावर पडून आहे, त्यांनी आपल्या वकिलांना एवढे एक विचारून पाहावे.

मंगल कार्यालयाच्या बाजूचे चुलतबंधू रागावले नाहीत, पण त्यांनी एक हिशेब मांडला. कार्यालयाच्या उत्पन्नातून गावातील पाच-दहा मुलांची फी भरता येईल. मैदानातून काय निघणार? हा आक्षेप हलका नाही, आणि माझ्याकडे त्याला आकड्यांत उत्तर नाही. मी त्यांना एवढेच विचारले की त्या फीसाठी आम्ही सहा जण दरवर्षी वेगळी रक्कम का काढू नये. त्यांनी रक्कम किती, असे विचारले. मी आकडा सांगितला. त्यांनी तो वाढवून दिला.

पर्युषणानंतर क्षमापनेसाठी सगळे एकत्र आलो तेव्हा कागदाचा मसुदा फिरवला. सहापैकी चार सह्या झाल्या. पाचव्याने विचारले, वडिलांच्या नावाची पाटी लावायची कोठे, भिंतच नाही तर? फाटकाचे दोन दगडी खांब अजून उभे आहेत, त्यांतील डाव्यावर लावता येईल, असे त्याला कळवले आहे. सहावी सही हैदराबादला आहे. कागद टपालाने गेला आहे.